गोठ्यातली बाज

इरम्माला आयुष्यातली पहिली सुट्टी मिळाली ती गर्भपिशवी काढली तेव्हा. आणि तीसुद्धा तिनं शाळेच्या सुट्टीत बसवली. दिवाळीपासून तिच्या अंगावरून जात होतं, पोटात कळा यायच्या, भिंत धरून उभी राहायची. तरी ही बाई मे महिन्याची वाट बघत बसली. का, तर मधेच सुट्टी घेतली तर पोरांची खिचडी कोण शिजवणार? मी तिला तोंडावर मूर्ख म्हणाले होते. ती हसली आणि पातेल्यात झारा फिरवत राहिली.

जळकोटला आमच्या शाळेत ती चौदा वर्षं खिचडी शिजवते. आम्ही शिक्षक मंडळी उन्हाळ्यात, दिवाळीत हक्कानं सुट्ट्या घेतो आणि वर किती दमलो म्हणून एकमेकांना सांगतो. इरम्माला शाळा बंद झाली की घरचं काम दुप्पट. घरात सासरा वीरप्पा, नवरा मल्लेश आणि दोन बैल. दोन्ही मुलगे पुण्याला कंपनीत. तिचं माहेर आळंदकडं, कर्नाटकात. बोलता बोलता कानडीत शिरते आणि लक्षात आलं की लाजून परत मराठीत येते. मी मूळची परंड्याची. बदली होऊन इथं आले आणि या घराच्या बरोब्बर समोर खोली घेऊन राहते. त्या मे महिन्यात नळदुर्गला कसलंसं प्रशिक्षण लागलं होतं, म्हणून मी गावाला गेले नव्हते. तेव्हा हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावून सांगितलं होतं. घरातल्या घरात चार पावलं चालायचं. बाकी एकवीस दिवस पडून राहायचं. चुलीपुढं बसायचं नाही, वाकायचं नाही, तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. टाका उसवला तर परत टेबलावर घ्यावं लागेल.

मल्लेशनं हे सगळं दोन शब्दांत आणलं. "फुल रेस्ट." हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. तिथं येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला, फोनवर प्रत्येक पाव्हण्याला तो हेच सांगत होता. "फुल रेस्ट सांगितलाय डॉक्टरनी. म्या तर तिला हलू बी देत न्हाय." असं बोलताना त्याचा चेहरा असा व्हायचा की ऑपरेशन यानंच केलंय. हा माणूस स्वतः रोज दुपारी एक ते चार कूलर लावून झोपतो. त्या वेळेत घरात भांडं वाजलं तरी आतून ओरडतो. विश्रांती कशी घ्यायची हे जळकोटात त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, फक्त ती स्वतःखेरीज दुसऱ्याला लागते हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

त्यानं पहिली अक्कल काय लढवली? इरम्माची बाज बाहेरच्या सोप्यात टाकली. दाराच्या समोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आतल्या खोलीत का नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "लोक भेटायला येत्यात बाई. आत कसं बोलवायचं?" म्हणजे आजारी माणसाची सोय बघायची नाही, बघायला येणाऱ्यांची बघायची. नवी गाडी आणली की दारात लावतात तशी त्यानं बायको दारात लावली.

आणि लोक आले. आमच्याकडं कुणी दवाखान्यातून घरी आलं की भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात. येताना बिस्किटाचा पुडा आणायचा, बाजेशेजारी बसायचं आणि पेशंटला घाबरवून सोडायचं. "माझ्या चुलत जावेची अशीच काढली बघ. वरीस न्हाय निघालं तिचं." हे एका बाईनं इरम्माच्या उशाशी बसून, बिस्कीट चहात बुडवत सांगितलं. दुसरी म्हणाली, "आमच्या टायमाला कुठलं आलंय रेस्ट? म्या आठव्या दिवशी भाकरी थापल्या." तिसरीला टाके बघायचे होते. दाखव म्हणाली. भर सोप्यात!

प्रत्येक जण आल्या आल्या म्हणायचा, "उठू नको गं, उठू नको. पडून राहा." आणि चहा झाल्याशिवाय एकही जण हलायचा नाही. आजारी माणसाच्या घरून बिनचहाचं उठलं तर अपशकुन होतो की काय कोण जाणे. दिवसाला पंधरा-वीस माणसं. तो चहा आकाशातून पडणार होता का, असा विचार एकाच्याही मनात आला नाही.

मदतीला म्हणून मल्लेशची थोरली बहीण कमलबाई नळदुर्गहून आली होती. हिच्याविषयी काय लिहावं? येताना पाच लुगडी घेऊन आली आणि आल्यापासून पाटावर बसली ती बसलीच. येणाऱ्या प्रत्येकाला ऑपरेशनची कहाणी तीच सांगायची, जणू दवाखान्यात तीच झोपली होती. चहाला म्हणून आत गेली की दोन मिनिटांत आवाज यायचा. "इरम्मा, साखर कुठं ठेवलीस गं?" मग "गाळणं कुठाय?" मग "हा शेगडीचा खटका उलटा हाय का सुलटा?" पाचव्या प्रश्नाला इरम्मा पोटावर हात दाबून उठायची आणि स्वतःच चहा टाकायची. कमलबाई परत पाटावर. चौथ्या दिवसापासून तर ती प्रश्नसुद्धा विचारेना, नुसती म्हणायची, "इरम्मा, पाव्हणं आलं बघ."

आता माझंही सांगते, कारण दुसऱ्यांवर तोंडसुख घेणं सोपं असतं. तिसऱ्या दिवशी मी अर्धा किलो मोसंबी घेऊन गेले. मीही म्हणाले, "उठू नका इरम्मा." ती उठली, आत गेली, चहा घेऊन आली. एका हातात बशी होती, दुसऱ्यानं तिनं पोट दाबून धरलं होतं. मला ते दिसलं, आणि तरी मी चहा प्यायले. वर "आलं छान पडलंय" असंही म्हणाले. एवढं शिकून, पोरांना आरोग्याचा धडा शिकवून, मी त्या बिस्किटवाल्यांच्याच रांगेत बसले होते. त्याची आठवण आली की मला माझीच किळस येते.

आठव्या दिवशी सकाळी इरम्माला ताप भरला. लुगड्याला टाक्यांच्या जागी ओल आली होती. मल्लेशनं जीप बघितली, मी तिला धरून मागं बसले आणि आम्ही तिला नळदुर्गच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पट्टी सोडली आणि तोंड वाकडं केलं. एका कडेला जखम उघडली होती, पू झाला होता.

"हिला काम कोण करायला लावतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती ऐकतच न्हाय साहेब," मल्लेश म्हणाला. "लई सांगतो म्या. तिला पडून राहायची सवयच न्हाय."

इरम्मा तपासणीच्या टेबलावर पडली होती. तिनं मान भिंतीकडं वळवली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या माणसाला तिथंच दोन ऐकवाव्यात. पण बायकांच्या खोलीत, तापानं फणफणलेल्या बाईसमोर काय बोलणार? डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस कडक विश्रांती. जखम भरली नाही तर सोलापूरला नेऊन परत उघडावी लागेल, आणि अंगात रक्त एवढं कमी असताना त्या टेबलावर काय होईल ते सांगता येत नाही. हे त्यांनी मल्लेशकडं बघून सांगितलं. मल्लेशनं मान डोलावली आणि जीपमध्ये बसताच कुणाला तरी फोन लावून म्हणाला, "डॉक्टरनी परत फुल रेस्ट सांगितलाय."

रविवारी मी शाळेतला एक कार्डशीट आणला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "रुग्णास विश्रांतीची गरज आहे. कृपया भेटायला येऊ नये." आणि त्यांच्या दाराला चिकटवला. तासाभरात मल्लेश तो काढून घेऊन माझ्याकडं आला.

"बाई, आमची काय इज्जत हाय का न्हाय गावात? लोक काय म्हणतील? घरात काय साथ बीथ आलीय वाटंल न्हवं?"

"आणि तिचे टाके?"

"म्या लक्ष ठिवतो की," तो म्हणाला आणि झोपायला गेला. एक वाजला होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. लिंगायतांच्या जुन्या घरांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो बसवण्णाचा दिवस. वीरप्पा या नेमाचा इतका पक्का की पेरणीच्या घाईत वाफसा निघून गेला तरी चालेल, पण सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू चढणार नाही. ते सोमवारी पहाटे उठून बैल धुतात, कपाळाला विभूती लावतात, गोठ्यात बाज टाकून दुपारभर त्यांच्याशेजारी पडतात. गोठ्यात मोठ्यानं बोललेलंही त्यांना खपत नाही. गेल्या साली अशाच एका सोमवारी जनावरांच्या डॉक्टरनं बैलाला लस देताना आवाज चढवला, तर म्हाताऱ्यानं त्याला बाहेर काढला होता.

त्या सोमवारी दहाच्या सुमाराला अमरसिंह आला. शेजारचा शेतकरी. एका हातात बिस्किटाचा पुडा, म्हणजे भेटायला आला हे दाखवायला. मनात दुसरंच होतं. ट्रॅक्टरवाला फिरकला नव्हता, पाऊस तोंडावर आला होता, आणि त्याला कुळवाची एक पाळी घालायला बैल हवे होते. मी तेव्हा इरम्माची गोळी द्यायला गेले होते, म्हणून सोप्यातच होते. कमलबाईनं नेहमीप्रमाणं हाळी दिली, "इरम्मा, अमरसिंह आलेत बघ." मी उठायच्या आत इरम्मा आत गेलीसुद्धा. मी मागोमाग गेले आणि ताट माझ्या हातात द्या म्हणाले. तिनं ऐकलं नाही. तिला वाटलं, बाईंना कसं काम सांगायचं. या गावात बायकांना काय काय वाटतं त्याची यादी केली तर कार्डशीट पुरणार नाही.

बाहेर अमरसिंह वीरप्पांना सांगत होता, "एकच दिवस द्या अप्पा. संध्याकाळपातूर आणून बांधतो. बैल तर धडधाकट हायेत."

वीरप्पा खवळले. "धडधाकट हायेत म्हणूनच. मोडल्यावर इसावा देऊन काय उपेग? आज सोमवार हाय. माझ्या आज्ज्यानं जुंपलं न्हाय, बापानं जुंपलं न्हाय. सा दिस राबतोय तो. एक दिस त्याला निवांत पडू द्यायचं. जीव हाय त्यो, अमरसिंह. त्याला बोलता येत न्हाय म्हणून आपुन समजून घ्यायचं."

कमलबाईनं पाटावरून भक्तिभावानं मान हलवली. अमरसिंहनंही "व्हय, ते बी खरंच हाय" म्हटलं. तीन धट्टीकट्टी माणसं बैलाच्या थकव्यावर गहिवरली होती आणि त्यांच्यासमोर इरम्मा चहाचं ताट घेऊन उभी होती. तिच्या पदराखाली पट्टी ओली झाली होती. मला दिसत होती. त्यांना बैल दिसत होते.

इरम्मानं ताट वीरप्पांच्या समोर जमिनीवर ठेवलं. वाकताना कळ आली तशी ती कण्हली.

"साकु," ती म्हणाली. कानडीत. म्हणजे पुरे. एवढं कानडी जळकोटात सगळ्यांना कळतं.

"काय झालं?" वीरप्पांनी विचारलं.

"मामा, बैलाला बोलता येत न्हाय म्हणून तुमी त्याचं समजून घेता. मला बोलता येतंय, तर म्याच सांगते. आज सोमवार हाय. मला बी जुंपू नका."

आणि ती पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून सरळ गोठ्यात गेली. वीरप्पांची बाज तिथं टाकलेली होती. दोन बैलांच्या मधे, गव्हाणीच्या कडेला. ती त्या बाजेवर पडली आणि तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. अठ्ठावीस वर्षांत सासऱ्याच्या बाजेला तिनं बोट लावलं नव्हतं.

कमलबाईच्या अंगात एकदम बळ आलं. इतके दिवस जी पाटावरून उठत नव्हती ती तरातरा अंगणात गेली. "हे काय सोंग काढलंस गं? शेणामुतात जाऊन पडलीस, लोक काय म्हणतील? ऊठ आदी!"

वीरप्पा जागचे उठले. मला वाटलं, आता म्हातारा तिला ओढून बाहेर काढतो. ते गोठ्याच्या दारापर्यंत गेले, आत बघितलं. मग लेकीकडं वळले.

"कमळे, सोमवारी गोठ्यात गलका करायचा न्हाय. तुला म्हायती न्हाय का?"

ते दारातच खाली बसले. एवढंच. कुणी असं समजू नये की सुनेची जखम आठवून त्यांचं काळीज हललं. त्यांचा नेम मोडत होता, तो त्यांनी मोडू दिला नाही. बैलांच्या मधे कुणीही पडलेलं असो, सोमवारी त्याला उठवायचं नाही, एवढं सरळ गणित. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि त्यांच्याशिवाय दुसरं कुणी उपयोगाचंही दिसेना.

त्या दिवशी चौदा माणसं आली. वीरप्पांनी सगळ्यांना गोठ्याच्या दारातूनच परत लावलं. "बैलं पडल्यात. आज भेटता येत न्हाय." इरम्मा झोपली होती. दुपारी, संध्याकाळी, मी तीनदा डोकावून आले. बैल रवंथ करत होते आणि ती तोंड उघडं टाकून झोपली होती. लहान मुलासारखी घोरत होती. एका बैलाचं शेपूट अधूनमधून तिच्या पायावर पडत होतं, तरी जाग नाही.

मंगळवारी बैल शेतात निघाले. मल्लेश गोठ्यात आला आणि म्हणाला, "चल आता घरात. सोमवार झाला न्हवं कालच?"

इरम्मा बाजेवरूनच, डोळे न उघडता म्हणाली, "माझे मागचे सोमवार राहिलेत. ते आदी होऊ द्या."

मल्लेशनं बापाकडं बघितलं. वीरप्पांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि ते बैलांच्या मागं निघून गेले. त्यांनी एकदाही तिला ऊठ म्हटलं नाही.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. बुधवारपर्यंत भेटायला येणारी माणसं पाचावर आली. गुरुवारी एकच आला, तोही वाट चुकल्यासारखा. शुक्रवारी कुणी नाही. चहा बंद झाला तशी गावाची काळजीही बंद झाली. तीच माणसं, तेच ऑपरेशन, तेच टाके. कमलबाईला एकाएकी नातवंडांची आठवण यायला लागली. पाच लुगडी गुंडाळून ती नळदुर्गला परत गेली आणि तिथं सांगत सुटली की भावजयीच्या डोक्यावर परिणाम झालाय, जनावरांत झोपते. मल्लेश ढाब्यावर जेवायला लागला. घरात राहिले वीरप्पा. त्यांना भात टाकता येत होता. भाकरी मी समोरून द्यायचे. देताना बोलायचं काहीच नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते मला जड गेलं.

इरम्मा सतरा दिवस गोठ्यात झोपली. तिथल्या आठव्या दिवसानंतर ती थोडं बोलायला लागली. एकदा म्हणाली, "बाई, घरात इतकी माणसं, पन जिथं कुणी चहा टाक म्हणत न्हाय अशी जागा ही एकच निघाली." ते तिनं गमतीनं सांगितलं. मी हसले नाही.

जूनच्या सुरुवातीला सोलापूरला दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली आणि खूश होऊन म्हणाल्या, "छान भरलीय. विश्रांती नीट घेतलेली दिसते." मल्लेश पुढं सरसावला. "एकवीस काय म्याडम, जास्तच. म्या कामाला हातच लावू दिला न्हाय." त्या बाईंनी त्याला शाबासकी दिली, सगळे नवरे असे असतात तर किती बरं झालं असतं म्हणाल्या. मल्लेशनं ती शाबासकी खिशात घातली आणि परतीच्या वाटेवर जीपवाल्याला दोनदा ऐकवली. इरम्मा माझ्याकडं बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होते. नाहीतर मी त्याला जीपमधून ढकलून दिला असता.

शाळा सुरू झाली. इरम्मा कामावर आली, पण पातेलं आता एकटीनं उतरवणार नाही, दुसऱ्या कुणीतरी हात लावायचा हे तिनं पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. तेही हो म्हणाले. चौदा वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. तिच्यासाठी लोहाच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या द्यायच्या होत्या. सोप्यात मल्लेश मोबाइल बघत बसला होता. माझी चाहूल लागताच त्यानं वर न बघता हाळी दिली, "इरम्मा, बाई आल्यात. चहा टाक."

आतून वीरप्पा आले. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, कोपरापर्यंत बाह्या वर सारलेल्या, एका हातात पकड आणि पकडीत काळंकुट्ट पातेलं. चहा कडेनं ओघळत होता.

"बसा बाई," ते म्हणाले. मग मल्लेशकडं वळून त्याच आवाजात, ज्या आवाजात त्यांनी अमरसिंहला बैल नाकारले होते, म्हणाले, "आज सोमवार हाय. कपबशा धू, ऊठ."

मल्लेशनं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि मोबाइल खाली ठेवला. गोठ्यातून बैलाच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली. इरम्मा तिथंच पडलेली असणार, म्हणून मी तिकडं गेले नाही. वीरप्पांनी दिलेला चहा इतका गोड होता की जिभेला चिकटत होता. मी बसून सगळा प्यायले, आणि मल्लेशनं कप विसळेपर्यंत उठले नाही.